आर्जियानं शिवलेलं निशाण

आर्जिया शिंपीण तोंडाची फटकळ, पण हातात अशी कला की इटलीच्या एमिलिया प्रांतातल्या त्या गावात लग्नाचा झगा कुणी दुसरीकडे शिवायला टाकत नसे. शेतमजूर संघाचं लाल निशाणही तिनंच शिवलं होतं, मधोमध गव्हाची ओंबी.

१९२१च्या जानेवारीत लिव्होर्नोच्या अधिवेशनात समाजवादी पक्ष फुटला आणि भांडण थेट तिच्या स्वयंपाकघरात आलं. तिच्या सख्ख्या भावांपैकी थोरला एवारिस्तो समाजवादीच राहिला, धाकटा लेआर्को कम्युनिस्ट झाला.

"निशाण आमचं," एवारिस्तो म्हणाला. "मतं मागू, सहकारी दुकानं काढू. हळूहळू होईल सगळं."

"हळूहळू? दादा, तोवर जमीनदाराचे पणतू म्हातारे होतील! रशियात उठले आणि घेतलं. ताई, निम्मं कापून दे."

"कात्री लावाल तर याद राखा, मेल्यांनो!"

तेव्हापासून दोघांचा अबोला. रविवारी एक जेवून गेला की मगच दुसरा यायचा. आर्जियाला शेवयांचं पीठ दोनदा लाटावं लागे, आणि लाटताना रडू यायचं ते वेगळंच.

मार्चमध्ये भरदुपारी ट्रकमधून काळे सदरे उतरले. पुढे जमीनदाराचा मुलगा ओत्ताव्हियो. जिंकलेलं निशाण आपल्या कचेरीत टांगायची त्या फॅसिस्टांची रीतच होती. त्यांनी आर्जियाच्या घरात शिरून तिची पेटी उपसली, गादी फाडली.

"हे कशासाठी रे?" आर्जियानं विचारलं.

"देशासाठी!"

"देशाला माझी गादी फाडून काय मिळणार?"

ओत्ताव्हियोच्या हातात सोटा होता, तो त्यानं टेबलावर आपटला. निशाण मात्र सापडलं नाही. ते आर्जियानं अंगातल्या परकराला आतून शिवून टाकलं होतं.

चिडून त्यांनी चौकात एवारिस्तोला धरलं आणि निशाण कुठंय म्हणून विचारत बाटलीभर एरंडेल पाजलं. त्याला ठाऊक नव्हतं. असतं तरी बोलला नसता. लेआर्को बिटाच्या शेतातून धावत आला, भावाला पाठीवर घेऊन ताईच्या घरी आला. तीन दिवस त्यानंच त्याची चादर धुतली. कुणी कुणाशी बोललं नाही.

चौथा दिवस रविवार होता.

"मतपेटी दाखवून बाटली परतवायची होतीस की, दादा."

"आणि तुझी क्रांती कुठं होती रे? बीट पेरत होती?"

झालं, दोघांची जुंपली! आवाज पार चौकापर्यंत गेला. आर्जियानं एप्रनला डोळे पुसले. त्या दिवशी तिनं पीठ एकदाच लाटलं, तिघांचं.