वारा येणार म्हणून वीज बंद: ग्रास व्हॅलीतली नवरात्र

मावशींचा फोन आला तेव्हा मी सिएटलजवळ बेलव्ह्यूच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटत होतो.

"परवा वीज बंद करणार आहेत रे. वारा येणार आहे म्हणून."

मला वाटलं, वादळ असेल. पण नाही. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात या दिवसांत गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. कोरड्या वाऱ्यात तार तुटून ठिणगी पडली, तर वणवा लागतो. म्हणून वीज कंपनी आधी मेसेज पाठवते आणि सरळ वीज बंद करते. अमेरिकेत! ठरवून! मी अकोल्याचा, लोडशेडिंगमध्ये वाढलेला. तरी ऐकून हातातलं लाटणं थांबलं.

मावशी म्हणजे माझ्या बायकोची, मृणालची, मावशी. ग्रास व्हॅलीजवळ डोंगरात त्या आणि काका दोघंच राहतात. मावशींच्या नाकाला चोवीस तास ऑक्सिजनची नळी असते आणि ते मशीन विजेवर चालतं. मृणालच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, सुट्टी अशक्य. मी डिपेंडंट व्हिसावर. शिक्षण बारावीपर्यंत, नोकरी करायला परवानगी नाही. "तूच जा," ती म्हणाली. "तसाही तू सगळं दहादा तपासतोस."

तिकडे जायचं असेल तर सिएटलहून सॅक्रामेंटोचं विमान घ्यावं. विमानतळावर गाडी भाड्याने मिळते. आयत्या वेळी महाग पडते, मला पडली. हायवे ऐंशीने ऑबर्नपर्यंत आणि तिथून एकोणपन्नासने वर. सपाट शेतं संपून पाइनची झाडं सुरू होतात. रस्ता सुंदर आहे, पण माझी नजर गवतावरच होती. इतकं पिवळं की वाटावं, एक काडी पुरे. रस्त्याकडेला आगीचा धोका दाखवणारी मोठी पाटी दिसली. तिचा काटा लाल पट्ट्यात टोकाला होता. टाकी ऑबर्नलाच भरून घ्या. वीज गेली की वरचे पंपही बंद पडतात. बर्फही खालूनच घ्या. मी वरच्या दुकानात विचारलं, तर काउंटरवरची बाई हसून म्हणाली, "बर्फ? हनी, तो सकाळीच संपला."

काका दारातच उभे होते. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, मिश्कील माणूस. माझी बॅग उघडल्यावर म्हणाले, "अगं, जावईबापूंनी मेणबत्त्या आणल्यात. वाढदिवस कुणाचा?"

"हसू नका," आतून मावशी म्हणाल्या. "निदान त्याने काही आणलं तरी. तुम्ही काय केलंत?"

काकांनी मोठी बॅटरी आणली होती, छोट्या सुटकेसएवढी. मशीन तिच्यावर चार-पाच तास चालणार होतं. "बास की," काका म्हणाले. "पुण्यात किती वेळ जायची? तीन तास, चार तास."

मी वीज कंपनीचं वेबपेज शब्दन् शब्द वाचलं. वारा थांबला की लगेच वीज येत नाही. वारा थांबल्यावर माणसं उजेडात एकेक तार तपासतात आणि मग सोडतात. दोन दिवसही लागू शकतात. आम्ही तिघंही या गोष्टीला लोडशेडिंग समजून बसलो होतो.

"मावशी, आपण आत्ताच सॅक्रामेंटोला हॉटेलात जाऊ."

"घट बसलेत," त्या म्हणाल्या. "अखंड दिवा आहे. या देशात आल्यापासून एकदाही मध्येच गेला नाही तो. नऊ दिवस मी घर सोडणार नाही."

स्वयंपाकघराशेजारच्या पॅन्ट्रीचं त्यांनी देवघर केलं होतं. आत मातीत धान्य रुजत होतं, घटावर झेंडूच्या माळा होत्या आणि कोपऱ्यात समई शांत तेवत होती. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, विषय संपला.

मग मी तयारीला लागलो. त्यांच्याकडे पाणी विहिरीचं आणि पंप विजेवर, म्हणून बाथटब आणि पातेली भरून ठेवली. फ्रीजमधली औषधं फ्रीझरमध्ये होता तेवढ्या बर्फात ठेवली. ऑक्सिजनच्या मशीनवर लिहिलं होतं: जवळपास ज्योत नको. मी मेणबत्त्या परत गाडीत टाकल्या. काड्यापेट्या आणि लायटर शोधून एका डब्यात बंद केले. बेडरूम कोंदट म्हणून मावशींची आरामखुर्ची हॉलमध्ये मोठ्या खिडकीपाशी आणली, शेजारी बॅटरी. सगळं बरोबर केलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. आकाश निळंशार होतं. फ्रीजची घरघर थांबली, मशीन मोठ्याने बीप करू लागलं, आणि मी धावत प्लग बॅटरीत घातला. नंतर वारा आला. पाइनची झाडं दर्यासारखी गाजत होती. शेजारच्या आजी गाडी थांबवून खिडकीतून ओरडल्या, "यू फोक्स स्टेइंग?" काकांनी अंगठा दाखवला. त्या मान हलवून निघून गेल्या.

संध्याकाळ होत आली तेव्हा बॅटरीच्या पाच खुणांपैकी एकच उरली होती. मी टॉर्च आणायला बेडरूममध्ये गेलो. परत आलो तर काका हॉलमध्ये येत होते. एका हातात निरांजन, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला. अंधार पडला, माणसाने दिवा आणला. आयुष्यभर केलं तेच. काड्यापेट्या मी लपवल्या होत्या, पण देवघरातला दिवा पेटलेलाच होता. त्या दिव्याला मी आग म्हणून मोजलंच नव्हतं.

"काका, थांबा!"

ते दचकले. ज्योत मावशींच्या खुर्चीपासून दोन हातांवर होती. मावशींनी नळी ओढून काढली आणि तोंडावर हात दाबून धरला. काकांनी फुंकर मारली. धुराची एक रेघ वर गेली. बाहेर वारा, आत फक्त मशीनची फसफस.

काका खाली बसले. निरांजन हातातच. "मी तुला..." एवढंच म्हणाले.

मी खिडकी उघडली. निरांजन लांब नेऊन ठेवलं. मावशींनी नळी पुन्हा लावली, आणि थोडा दम आल्यावर मला म्हणाल्या, "गाडी काढ."

"आणि दिवा?" काकांनी विचारलं.

"पेटता दिवा या वाऱ्यात रिकाम्या घरात ठेवणार? घटावरचं एक फूल आणा."

मी प्रवासापुरता ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावून देतो म्हणालो, पण ज्योतीजवळ जाताना त्यांनी नाकातलं सगळंच काढून ठेवलं. काकांचा खांदा धरून देवघरापर्यंत गेल्या, प्रत्येक पावलाला थांबत. नमस्कार केला. "आई, यांना जपायचंय मला," म्हणाल्या, आणि झेंडूचं फूल ज्योतीवर टेकवलं. दिवा शांत झाला. काकांनी तोंड फिरवलं.

माझी भाड्याची गाडी बाहेरच होती, पण मावशींचं सामान त्यांच्या गाडीत, आणि ती गॅरेजमध्ये. दार विजेचं. छतावरचा लाल दोरा ओढला की ते हाताने उचलता येतं. तुमच्या घरी असं दार असेल तर आजच ओढून बघा. मी आणि काकांनी मिळून ते कसंबसं उचललं.

सॅक्रामेंटोच्या हॉटेलात डोंगरातलीच माणसं भरलेली होती. कुत्री, मांजरं, एका माणसाच्या हातात माशाची काचेची बरणी. मावशींचं मशीन भिंतीतल्या विजेवर लागलं, तेव्हा काका प्लगकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

वणवा लागला नाही. वीज तिसऱ्या दिवशी आली. आता मी बेलव्ह्यूत आहे, बाहेर नेहमीसारखं ढगाळ. काल मावशींचा फोन होता. घरी परतल्यावर घटातलं धान्य बघितलं तर अंधारातही वीतभर वाढलेलं, पिवळंधमक. "देवी रागावलेली दिसत नाही," त्या हसून म्हणाल्या. मग काका फोनवर आले. नेहमीची थट्टा नाही. दिवा पुन्हा लावलाय, म्हणाले, पण देवघराला आता दार बसवून घेतलंय, आणि मोठ्या बॅटरीची चौकशी चालू आहे. पुढचा मेसेज आला की आधीच निघायचं, हेही ठरलंय.

संध्याकाळी मृणालने देवापुढे दिवा लावायला काडी ओढली. आमच्या घरात ऑक्सिजनवर कुणीच नाही. तरी माझी नजर खोलीभर फिरली, नळी शोधत.