म्हाताऱ्या कुत्र्यांची फेरी

मुलाकडे इंग्लंडला जाऊन मला महिना झाला होता, आणि त्या महिन्यात त्यानं मला एकही रविवार घरी बसू दिलं नव्हतं. कधी किल्ला, कधी समुद्र, कधी कुण्या उमरावाचा बंगला आणि त्यामागची भलीमोठी बाग. आईला रिकामं बसू दिलं की ती विचार करत बसेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्याचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी साडीवर स्वेटर चढवायची, पायात त्यानं आणलेले बूट घालायची आणि गाडीत बसायची. "आवडलं का आई?" तो विचारायचा. "छान आहे," मी म्हणायची. छान असायचंच. पण कुठंही गेलं की माझी नजर आधी बाक शोधायची.

यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. अमरावतीत डायलिसिस, मध्येच काही बिघडलं की नागपूर. सकाळी अंधारात ऑटो सांगून ठेवायचा, बिनमिठाचा डबा करायचा, त्यांचं होईपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसायचं. घरी आल्यावर पाणी मोजून द्यायचं. त्यावरून ते चिडायचे, आणि मग चिडल्याबद्दल त्यांनाच वाईट वाटायचं. एक कान उघडा ठेवून झोपायची सवय मला तेव्हाच लागली. ते गेले तरी ती गेली नाही. त्यांच्यामागे तेरवी झाली, पेन्शनची कागदं झाली, बँक झाली, व्हिसा झाला. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "आता तुमी मोकळ्या झाल्या. जा लेकाकडे, हिंडून फिरून या." म्हणून मी आले होते. हिंडत होते.

त्या रविवारी सुनेची दवाखान्यात ड्यूटी होती. मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "आई, आज गावाबाहेर कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. चाल, गंमत पाहू."

"कुत्र्यांचं? त्यात काय पाहाचं?"

"कुत्रे," तो म्हणाला आणि हसला. तो हसला म्हणून मी उठले.

माझं माहेर मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातलं. आमच्या वावरात कुत्रं असायचं, पण त्याला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. त्याला भाकर टाकायची, रात्री त्यानं रानडुकरांवर भुंकायचं, एवढाच व्यवहार. अंगाला हात कुणी लावत नसे. सगळा जन्म असा गेल्यावर त्या मैदानात शिरले, तर तिथं एका टेबलावर पांढरं कुत्रं उभं होतं आणि त्याची मालकीण ड्रायरनं त्याच्या पायांचे केस वाळवत होती. पलीकडे एक धिप्पाड गडी गुडघ्यावर बसून एका इवल्याशा कुत्रीच्या भुवया कातरत होता. इतक्या गंभीरपणे, की मी उगाच तिथून बाजूला झाले. भुंकणं फारसं नव्हतंच. माणसंही हळू बोलत होती. मैदानाच्या मधोमध दोरी बांधून गोल रिंगण केलं होतं, त्यात एकेका जातीची कुत्री मालकांसोबत फिरत आणि कापडी टोपी घातलेली एक परीक्षक बाई त्यांचे दात, पाठ, शेपूट तपासत होती. जिंकणाऱ्याला फितीचं रंगीत फूल मिळायचं.

रिंगणाकडेला खुर्च्या होत्या. मुलानं मला एका खुर्चीवर बसवलं आणि तो चहा आणायला गेला. चहाच्या तंबूसमोर ही मोठी रांग.

शेजारच्या खुर्चीवर माझ्याहून बरीच मोठी एक गोरी बाई होती. तिच्या घोट्याला पट्टी बांधलेली होती आणि तो पाय तिनं समोर पिशवीवर टेकवला होता. खुर्चीखाली काळा कुत्रा पसरला होता. तोंडाभोवती सगळे केस पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू. बाईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या साडीकडे, मग बुटांकडे, मग तोंडाकडे.

"तुम्ही काही करत नाही आहात ना?" तिनं विचारलं.

मी शाळेत मराठी शिकवलं. इंग्रजी मला वाचता येतं, पण समोरून कानावर आलं की निम्मं निसटतं. हे मात्र सरळ कळलं. आमच्या वऱ्हाडातही लोक असंच विचारतात. मी म्हटलं, "नाही, बसले आहे."

मग तिनं सावकाश समजावून सांगितलं. आता म्हाताऱ्या कुत्र्यांची फेरी आहे. तिचा कुत्रा त्यात आहे. सकाळी बसमधून उतरताना तिचा पाय मुरगळला. त्याला घेऊन एक फेरी मारायची, बस. तो गरीब आहे, काही करत नाही.

"मी कधी कुत्रा धरला नाही," मी म्हटलं.

"त्यालाच तुम्हाला धरू द्या," ती म्हणाली आणि पट्टा माझ्या हातात दिला. वर म्हणाली, "तुम्ही फार दमलेल्या दिसता. तोही दमलेला आहे. तुमचं जमेल."

ती हे सहज बोलून गेली. पण मी खुर्चीवरून उठले आणि पट्टा हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या दिवसांत मला सगळ्यांनी काय काय सांगितलं होतं. धीर धर, मन रमव, देवाचं नाव घे, फिरून ये. मी दमले आहे हे कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. दमायला मी काय केलं होतं? आजारी तर ते होते. "हो," मी तिला म्हटलं, "मी दमले आहे." परक्या भाषेत ते बोलायला सोपं गेलं.

रिंगणात पाच-सहा कुत्री होती. सगळीच म्हातारी. एकाला तर मालकानं अर्धी वाट उचलून आणलं होतं. परीक्षक बाईनं हात केला आणि आम्ही निघालो. मी पदर खोचला होता. कुत्रा माझ्या डाव्या बाजूनं चालू लागला, मी थांबले की थांबत, मी निघाले की निघत. लोक दोरीपलीकडून पाहत होते, पण त्याचं मला काही वाटलं नाही. गवत मऊ होतं. अर्धं रिंगण झालं असेल, तेव्हा तो थांबला. इकडं तिकडं पाहिलं, आधी बसला आणि मग चारी पाय पसरून सरळ आडवा झाला.

मी पट्टा ओढून पाहिला. मागची जोडी आम्हाला वळसा घालून पुढे गेली. "ऊठ ना रे बापू," मी खाली वाकून म्हटलं. तोंडातून आपलीच बोली निघाली. "ऊठ, लोकं पाहून राहिले." त्यानं शेपूट एकदा गवतावर आपटली आणि डोळे मिटले.

मी थोडा वेळ उभी राहिले. गुडघे दुखत होते. मग हात टेकून मी त्याच्या बाजूला बसले.

दोरीपलीकडे कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. परीक्षक बाई आली, उकिडवी बसली, त्याचे दात पाहिले, कानामागे खाजवलं. "वय काय याचं?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही. मी याची कुणी नाही." तिनं मान हलवली, जणू असं रोजच होतं, आणि ती दुसऱ्या कुत्र्याकडे गेली. बाकीची फेरी आमच्या भोवतीनं चालू राहिली.

तेवढ्यात मुलगा चहाचे दोन्ही कप हिंदकळवत दोरीखालून आत आला. चेहरा उतरलेला. "आई! काय झालं? चक्कर आली काय?"

"नाही. बसली."

"अशी मधात काहून बसली?"

"थकली म्हणून."

तो उभाच होता. "मग सांगाचं ना. आपण घरी गेलो असतो. कवापासून थकली?"

"तुहे बाबा बिमार पडले तवापासून," मी म्हटलं. "तू मले इकडे तिकडे नेतं, तुह्या मनात चांगलंच आहे रे बापा. पण मले काही पाहाचं नाही आता. मले झोपाचं आहे."

गवतावर कप ठेवून तोही शेजारी बसला. त्याच्या पँटला हिरवे डाग पडणार, असं माझ्या मनात आलं. मग तो म्हणाला, "मले वाटलं, तू घरी बसली तर रडशील."

"मग रडीन. रडून झोपीन."

त्यावर तो हसायला लागला, आणि हसता हसताच त्यानं बाहीनं डोळे पुसले. वडिलांच्या शेवटच्या वेळी तो पोहोचू शकला नव्हता. विमान मुंबईला उतरलं तोवर सगळं आटोपलं होतं. घरी आल्यावरही तो सारखा कामातच होता, मंडप, पाहुणे, दाखले. आम्ही दोघं असे एका जागी बसलो, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

फेरी संपली. फिती दुसऱ्याच कुत्र्यांना मिळाल्या. मग आमचा कुत्रा आपण होऊन उठला, अंग झटकलं आणि उरलेलं रिंगण न करताच मला ओढत बाईच्या खुर्चीकडे घेऊन गेला. "मागच्या वर्षीही यानं हेच केलं," ती म्हणाली. तिला काही खेद नव्हता. मुलानं तिला तिच्या घरापर्यंत गाडीनं सोडलं. वाटेत कुत्र्यानं मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं टेकवलं. जड, गरम डोकं. मी त्याला हात लावू की नको असं करत शेवटी लावला.

पुढच्या आठवड्यात स्कॉटलंडला जायचं ठरलं होतं. मुलानं ते रद्द केलं. मी झोपले. सकाळी झोपले, जेवून पुन्हा झोपले. सून कामावर जाताना पडदे ओढून जायची आणि थर्मासमध्ये चहा ठेवायची. काही दिवस मी खरंच रडले. त्यालाही कुणी आडवं आलं नाही. मुलगा संध्याकाळी येऊन माझ्या पलंगाच्या कडेवर बसायचा. कधी बोलायचा, कधी नुसता मोबाईल पाहत बसायचा. तो सारखा म्हणायचा, इथंच राहा. मी सांगितलं की येत जाईन, पण राहणार नाही. पावसाळा सरता सरता मी परत आले.

अमरावतीला आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? मी किल्ला सांगितला, समुद्र सांगितला. कुत्र्यांचं प्रदर्शन फक्त बहिणीला सांगितलं, अकोल्याला तिच्या घरी गेले तेव्हा. ती माझ्याहून धाकटी, भाजी निवडत ऐकत होती.

"कुत्र्याईचं बी प्रदर्शन असते काय?" ती म्हणाली. "आन् तू त्याच्यात नंबरासाठी उभी राहिली?"

"उभी नाही, बसली."

ती पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तू आता आठ दिवस इथंच राय. काही करू नको. भाजी बी निवडू नको."

मी राहिले. अकोल्याचं ऊन तेव्हाही चटचटत होतं. दुपारी तिनं मधल्या खोलीत सतरंजी घातली, पंखा लावला आणि दार ओढून घेतलं.