वन्संचा निवाडा मी करणार नाही

वालूरची मुलींची शाळा गावानं स्वतःच्या हिमतीवर काढलेली. निजामाचं राज्य होतं. सरकारी मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, सगळं उर्दूत, आणि तिथं मुली पाठवायला कोणी तयार नव्हतं. म्हणून तालीम खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, परवानगी काढून मारुतीच्या देवळामागच्या दोन खोल्यांत मराठी शाळा सुरू झाली. कारभार पाहायला पाच पंच नेमले. चार पुरुष, आणि मुलींच्या आयांच्या वतीनं मी. परभणीत राहून मी चार इयत्ता शिकले होते आणि चारचौघांत बोलायला घाबरत नव्हते, एवढीच माझी लायकी. बायकांनी मला बजावलं होतं, आमचं म्हणणं तिथं पोचव, बाकी काही नको.

शिकवायला एकच बाई होत्या, आणि त्या माझ्या सख्ख्या थोरल्या नणंद. नवरा गेल्यावर त्या सासर सोडून गावी आल्या, पण भावाच्या घरात राहायचं नाही म्हणून बारवेच्या पलीकडं दोन खण भाड्यानं घेऊन एकट्या राहायच्या. शिकवायच्या फार छान. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की आमचं पहिल्यापासून वैर होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मोडी वाचायला मला वन्संनीच शिकवलं.

एका दुपारी परसदाराशी एक बाई येऊन उभी राहिली. नवराबायको स्वतःचा लहानसा तुकडा कसून खायचे, आणि त्यांची मुलगी आमच्या शाळेत होती. मुलगी बारवेच्या पायऱ्यांवरून घागरीसकट घसरली होती आणि हात मोडला होता. शाळेच्या वेळात ती बारवेवर कशी, ते आईला घरी आल्यावर कळलं. वन्सं रोज दोन-दोन मुली पाळीनं पाणी भरायला पाठवत होत्या. पाण्याबरोबर कधी भांडी घासणं, कधी सारवण.

"पोर शिकायला धाडली बाई," ती म्हणाली. "पाणी भरायला घरी बी हायच की. तुमची नणंद हाय म्हणून बाकीच्या बोलंनात. पर तुमी आमच्या वतीनं बसता, म्हणून तुमालाच सांगते."

संध्याकाळी मी माझ्या मुलीला विचारलं, तुझी पाळी कधी असते? ती सहज म्हणाली, "मला आत्या न्हाई पाठवत. मी पाटीवर लिहीत बसते." तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वन्संकडं गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी काही नाकारलं नाही. गुडघे धरलेत, बारवेच्या पायऱ्या उतरवत नाहीत, गाव पगाराच्या नावानं मनाला येईल तेव्हा ज्वारी आणून टाकतं, मग पोरींनी दोन घागरी आणल्या तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी शिष्य गुरूची लाकडंसुद्धा फोडत, हेही त्यांनी ऐकवलं. मुलीचा हात मोडला याचं वाईट त्यांना खरंच वाटत होतं. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तू पंच म्हणून विचारायलीस का वहिनी म्हणून?"

मी पदर सावरून निघाले. घरी येईपर्यंत एवढं कळलं होतं की दोन्ही होऊन विचारायचा मला हक्क नाही.

गावात कुजबुज झाली. पंचांचे मुखिया धान्याचे आडते होते, वयानं मोठे, सगळे त्यांना शेटजी म्हणायचे. त्यांनी आमच्या घरी निरोप धाडला की हे घरातलं प्रकरण आहे, सूनबाईंनी नणंदेला चार शब्द सांगून घरीच मिटवावं, पंचांपुढं आणू नये. निरोप ऐकून सासूबाई माझ्यावर तुटून पडल्या. लेकीच्या पोटावर पाय द्यायला तुला पंच केलं का, असं त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. हे जेवत होते. हात धुऊन आल्यावर हळूच म्हणाले, "तू म्हणतीस ते खरं असंल. पण मला बहीण एकच हाय."

मी त्यांना सांगितलं, "म्हणूनच मी निवाडा करणार न्हाई. मी वन्संच्या बाजूनं बोलले तर त्या पोरीचं वाटोळं, आणि विरुद्ध बोलले तर लोक म्हणतील भावजयीनं सूड घेतला. पण घरात मिटवायचं बी न्हाई. हात पोरीचा मोडलाय, आपल्या घराचा न्हाई." यांनी मान खाली घातली, पण मला थांबवलं नाही. त्या काळात एवढंही पुष्कळ होतं.

बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. पंच सतरंजीवर, मुलींच्या आया खांबांपलीकडं पदर ओढून बसलेल्या. वन्संही आल्या होत्या, ताठ मानेनं. त्या मुलीची आई मुलीला घेऊन आली होती, हात झोळीत बांधलेला. शेटजींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की एक किरकोळ तक्रार आहे, ती सूनबाई घरी पाहून घेतील, आपण पुढच्या विषयाकडं वळू.

मी उठले. सतरंजीवरून खाली आले आणि बायकांपुढं उभी राहिले.

"शेटजी, वन्सं माझ्या नणंद हायेत. त्यांचा निवाडा व्हायलाय तोवर मी पंच म्हणून तिथं बसणार न्हाई. माझ्या जागी दुसरी आई बसवा."

सभामंडपात हालचाल झाली. शेटजी म्हणाले, मग फिर्याद आणणारी आईच बसवायची का? तीही एका बाजूचीच की. त्यांना वाटलं मी अडकले. पण ते म्हणत होते ते बरोबरच होतं, आणि मी तसं कबूल केलं. जिचं दोघींशी नातं नाही नि भांडण नाही अशी आई हवी, असं मी म्हणाले. बायकांनी आपसांत बोलून वाण्याच्या घरची एक सून पुढं केली. ती बिचारी घाबरली, पण सतरंजीच्या काठावर जाऊन बसली.

मी अजून उभीच होते. शेटजींनी विचारलं, आता काय राहिलं?

"आणखी कोणाचं वन्संशी देणंघेणं असंल तर त्यांनी बी उठावं."

मी कोणाकडं बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती. शेटजींची नात रोज संध्याकाळी वन्संकडं एकटी शिकायला जायची आणि इतर मुलींच्या दोन धडे पुढं होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आधी पंचांतले पुजारीबुवा उठले. ते वन्संचे शेजारी, आणि मुलींनी आणलेल्या पाण्यातली एक कळशी रोज त्यांच्याही घरात जायची. त्यांनी ते सरळ सांगितलं आणि खांबाला टेकून बसले. मग सगळे शेटजींकडं पाहायला लागले. मी उभीच.

शेटजी उठले नाहीत. बसल्या जागीच जरा मागं सरकले, घसा साफ केला आणि म्हणाले, "या विषयात मी बोलणार न्हाई. बाकीच्यांनी ठरवावं." मी खाली बसले. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ते बोलले नाहीत, हे खरं.

राहिलेल्या तिघांनी वन्संना विचारलं, त्या आईला विचारलं, मुलीलाही विचारलं. ठरलं असं की कुठल्याही मुलीला शिक्षिकेच्या घरच्या कामाला पाठवायचं नाही. आणि वन्संचे गुडघे दुखतात हेही खोटं नाही, म्हणून गावानं त्यांना पाणी भरायला एक बाई लावून द्यायची. दुसरी गोष्ट त्या वाण्याच्या सुनेनं सुचवली. मला ती सुचली नव्हती. वन्सं उठून एवढंच म्हणाल्या की गावाची बाई मला नको. आणि निघून गेल्या. पुढं गुडघ्यांनी ऐकलं नाही तेव्हा त्यांनी ती ठेवली.

त्या दिवाळीला भाऊबीजेला वन्सं आमच्याकडं आल्या नाहीत. हेच त्यांच्याकडं जाऊन ओवाळून घेऊन आले. सासूबाईंनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर दोघीतिघींनी मला ऐकू जाईल असं म्हटलं की हिला नणंदेचा काटा काढायचा होता. मी म्हटलं, म्हणू देत. शाळेत मात्र माझ्या मुलीला वर्ग झाडायची पाळी लागली, सगळ्यांच्या बरोबरीनं. पहिल्या दिवशी ती रडत घरी आली. मला बरं वाटलं. वन्संनी रागानं केलं की समजून, ते मी कधी विचारलं नाही.

मग रझाकारांचे दिवस आले, शाळा बंद पडली आणि गावातली बरीच घरं सरहद्द ओलांडून गेली. आम्ही एकाच बैलगाडीत होतो. वाटभर वन्सं माझ्याशी मुलीच्या तोंडून बोलल्या. तिला म्हणायच्या, आईला सांग पांघरूण घे म्हणून. परक्या गावात एकाच चुलीवर भाकरी भाजायची वेळ आल्यावर मुलीला मधे घालणं आपोआप सुटलं.

पोलीस ॲक्शननंतर परत आलो. शाळा पुन्हा उघडली, वन्सं पुन्हा शिकवायला लागल्या. नवे पंच नेमायचे होते. शेटजी स्वतः घरी आले आणि म्हणाले, आता सगळं निवळलंय, सूनबाईंनी जुन्या जागी बसावं. मी नको म्हणाले. वन्सं शिकवायल्यात तोवर मी पंच होणार न्हाई, आणि तुमची नात तिथं एकटी शिकायला जायलीय तोवर तुमी बी बसू नये, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते चहा न घेता गेले.

परत आल्यावरही आमची चूल एकच राहिली होती, आणि वन्सं तेव्हा आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तर म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात व्हय? तुझा हट्ट काही गेला न्हाई."

"न्हाई गेला," मी म्हणाले.

त्यांनी पीठ माझ्यापुढं सरकवलं आणि आम्ही संध्याकाळच्या भाकरीला लागलो.