मानाची जोडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे बसलो तरी दुसरंच काहीतरी बोलून उठायचो. तुम्हाला का सांगतोय? तेही नीट ठाऊक नाही.

मोताळ्याजवळच्या एका गावची पाटीलकी आमच्या घरात. ढोर आजारी पडलं की वर कळवायचं काम माझं, आणि जनावर गावाबाहेर न्यायचं तर ते निरोगी असल्याचा दाखलाही माझ्याच सहीचा. त्या श्रावणात शेजारच्या गावांत बुळकांडी आली. ढोरांच्या डोळ्यांना पाणी, मग हगवण, मग संपलंच. मी कोतवालाकरवी दवंडी पिटवली — आजारी जनावर गोठ्याबाहेर काढायचं नाही, पोळ्यालासुद्धा नाही.

आणि पोळ्याच्या सकाळी माझ्याच हिऱ्या बैलाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मानाची जोडी पाटलाची. ती तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नाही. माझी जोडी आली नाही तर मान चुलतभावाच्या दारात जाणार, आणि तो टपूनच बसलेला. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच. मी हिऱ्याचे डोळे पुसले, तोंड धुतलं, शिंगं रंगवली, अंगावर झूल टाकली.

तेवढ्यात सुखदेव आला. लहानपणी आम्ही मिळून ढोरं राखलेली. मी पाटील झालो तरी तो मला नावानेच हाक मारायचा.

"दौलत, मह्या एका बैलाचं पोट फुगलं. दवंडी आयकली म्या. जोडी आनू का नोको?"

"नोको आनू," मी म्हणालो. झूल सारखी करत.

त्याची जोडी गोठ्यात राहिली. माझी गावच्या सगळ्या बैलांना खेटून तोरणाखाली उभी राहिली. मग घरोघर, रीतीप्रमाणे. बाया बैलांचे पाय धुवायच्या, ओवाळायच्या, पुरणपोळी भरवायच्या. एका दारात हिऱ्याने पोळी तोंडात घेतली आणि तशीच टाकली. लाळेने भिजलेली ती पोळी त्या माउलीने आपल्या बैलांना घातली — मानाच्या बैलाची उष्टी म्हणून, भक्तीने. मी पाहत होतो. कासरा ओढून जोडी पुढच्या दारात नेली.

हिऱ्या मेला. मी त्याला मळ्यात पुरला आणि विकला म्हणून सांगितलं. मग गोठ्यामागून गोठे. नदीकाठी गिधाडं उतरली ती उडेचनात. रब्बीच्या पेरणीला माणसांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

ढोरांचे डॉक्टर आले. चावडीवर सगळ्यांदेखत विचारलं — सुरुवात कुठून झाली? मी म्हणालो, "सुखदेवचा बैल पोळ्याआधीपासून आजारी होता."

यात खोटं काय होतं? तेच तर! एक अक्षर खोटं नव्हतं.

त्याचे बैल जगले. सांगितलेलं ऐकून गोठ्यात ठेवले म्हणून जगले. पण गावाने उलटंच ताडलं — याने करणी करून स्वतःच्या बैलाचा रोग गावच्या ढोरांवर ढकलला. विहिरीवर त्याच्या बायकोला पाणी भरू देईनात. मी एक शब्द टाकला असता तर थांबलं असतं. मी ओट्यावर बसून सगळं ऐकत होतो.

शेवटी तो सासुरवाडीला, डोणगावला, कायमचा निघाला. बैल न्यायचे तर दाखला हवा. माझ्याच दारात आला. मी लिहिलं — दोन्ही जनावरं निरोगी. सही केली. कागदाची घडी घालत तो म्हणाला, "त्या सकायी तुमच्या हिऱ्याच्या डोयाले पानी व्हतं, पाटील. म्या पाह्यलं व्हतं."

पाटील म्हणाला. दौलत नाही.

चावडीवर तो हे बोलू शकला असता. का बोलला नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गाडी शिवेपलीकडे जाईस्तोवर मी दारातच उभा होतो.

पुढच्या पोळ्याला गावात मोजकेच बैल होते. मान माझाच होता. नवी जोडी सजवून मी ती तोरणाखालून नेली.