टपालाच्या ट्रकचा अपघात आणि एक खोटा जबाब

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण बोरीच्या अलीकडच्या फाट्यावरचा एक साधा अपघात अजून जसाच्या तसा आठवतो. त्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक माझी होती आणि तिच्याखाली माझीच सही होती.

त्या वेळी मी परभणी जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवस कापूस वेचणीचे. सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन आला की टपालाच्या थैल्या वाहणाऱ्या छोट्या ट्रकची स्कूटीला धडक बसली आहे आणि एक म्हातारा गंभीर आहे. ट्रक एका खासगी ठेकेदाराचा होता. आम्ही पोचेपर्यंत लोकांनी म्हाताऱ्याला रिक्षात घालून परभणीला नेलं होतं. आम्ही पंचनामा केला, फोटो काढले, दोन्ही वाहनं ठाण्यात आणली.

ट्रकचा चालक जमावाच्या भीतीने आधीच ठाण्यात येऊन बसला होता. "सायेब, स्कूटी बाई चालवायली होती. आजोबा मागं होते," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. मला हसू आलं. बाईवर ढकललं की आपण सुटलो, असं समजणारे चालक मी शेकड्याने पाहिले होते. दारू प्यायला आहे का याची तपासणी केली, तो प्यायलेला नव्हता. बाकी त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही.

दुपारी म्हाताऱ्याचा मुलगा फिर्याद द्यायला आला. तो सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याने रडतरडत सांगितलं, "वडिलांच्या डोळ्याची पट्टी काढायची होती म्हणून त्यांना घेऊन मीच परभणीला चाललो होतो. ट्रकनं मागून उडवलं." सोबत भावकीतले दोन साक्षीदार होते, तेही तेच बोलले. सगळं गाव एका तोंडाने बोलत होतं. तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते. गाव एका तोंडाने बोलतं ते एकतर देवळात, नाहीतर काही लपवायचं असलं तर.

अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो. नुकसानभरपाईचा दावा पुढे त्याच न्यायालयात चालतो. मी मुदतीत अहवाल पाठवला. स्कूटीचालक म्हणून मुलाचं नाव घातलं आणि सही ठोकली.

म्हातारा शुद्धीवर नव्हता. डोक्याला मार होता, पाय दोन ठिकाणी मोडला होता. आठवडाभराने ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "सायेब, ते पोरगं त्या दिवशी सकाळपासून सेलूत जिनिंगच्या वजनकाट्यावर उभं होतं. इचारा कुणालाबी." आणि फोन बंद.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस स्टँप पेपर घेऊन आला. "घरच्यांची सही घेऊन मिटवून टाकू, साहेब," म्हणाला. भरपाईची तडजोड ठाण्यात होत नाही, ती न्यायाधिकरणासमोर होते, असं मी त्याला सुनावलं. तो जायला उठला आणि दारातून अगदी गोड आवाजात म्हणाला, "मग आमचे वकीलच बघतील, स्कूटी चालवत कोण होतं ते."

म्हणजे तो निनावी फोन खरा होता. यांना माहीत होतं. फिर्याद खोटी ठरली की दाव्यातल्या खऱ्या गोष्टींवरही कोण विश्वास ठेवणार? म्हाताऱ्याच्या उपचाराचा हक्क बुडणार, पोरगा खोट्या फिर्यादीत अडकणार आणि अहवालावर सही माझी.

मी फाइल काढून पंचनामा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एक नोंद आधी नजरेखालून निसटली होती: 'स्कूटीच्या सीटवर मधोमध, घडी घालून दोरीने बांधलेली वाकळ, एक.' वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. पुढे पाय ठेवायची जागा मोकळी असताना कुणी सीटवर गोधडी का बांधेल? मी आमच्या महिला हवालदारांना विचारलं. त्या पोखर्णीकडच्या. त्यांनी ओळ वाचली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"साहेब, बापलेकाच्या मधी वाकळ कशाला लागती? हे सून अन सासऱ्याचं बसणं हाय. अंगाला अंग लागू नये म्हणून मधी ठेवतेत. मी बी माझ्या सासऱ्याला दवाखान्यात असंच नेलंय."

वीस वर्षांत मला कुणी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मग मी ट्रकचालकाला परत बोलावलं आणि या वेळी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. बाईच चालवत होती, हे त्याने ठामपणे सांगितलं. पण "तू कुठं वळत होतास?" म्हटल्यावर तो अडखळू लागला. टपालाच्या थैल्या द्यायला त्या दिवशी उशीर झाला होता. समोरून येणारी स्कूटी दिसत असूनही त्याने फाट्यावर ट्रक आडवा घातला होता. टायरच्या खुणा, स्कूटीचा चेपलेला पुढचा भाग, सगळं त्याच्याशी जुळत होतं. मुलाने सांगितलेल्या 'मागून धडक'शी मात्र काहीच जुळत नव्हतं.

हवालदारबाईंना घेऊन मी गावात गेलो. घरात मुलगा, त्याची बायको आणि एक दूरचे काका. काकांचा एक दावा पूर्वी न्यायालयात चालला होता, म्हणून गाव त्यांना अर्धा वकील समजत असे. सुनेच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"बातमी ऐकून अंगणात पडली," काकांनी परस्पर उत्तर दिलं.

मी काकांना आणि मुलाला बाहेर बसवलं. हवालदारबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. मी फक्त एवढंच म्हणालो, "बाई, सीटवर वाकळ तू बांधलीस ना?"

ती रडली नाही. आधी तिने दाराकडे पाहिलं, मग भराभरा बोलू लागली. "मीच चालवायले होते, साहेब. माझं कच्चं लायसन होतं, त्याची मुदत संपली होती. काका म्हणले, लायसन न्हाई तर क्लेम न्हाई, अन पोलीस तुलाच आत टाकतील. मामाला काई झालं तर लोक म्हणतील सुनंनं सासऱ्याला मारलं. मी लय हळू चालले होते. ट्रक एकदम आडवा आला." सासऱ्याला ती मामा म्हणत होती. अपघातापासून ती दवाखान्याची पायरी चढली नव्हती. मामांनी डोळे उघडले आणि तोंड फिरवलं तर काय करायचं, याच भीतीने.

मी सगळ्यांना आत बोलावलं आणि आधी करायचं ते काम पंधरा दिवस उशिरा केलं. त्यांना कायदा सांगितला. पक्कं लायसन्स नसताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि त्याचा दंड तिला भरावा लागेल. पण धडक कुणाच्या निष्काळजीपणाने झाली हा प्रश्न वेगळा, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्याचा हक्क सुनेच्या लायसन्सवाचून अडत नाही. दावा सहा महिन्यांच्या आत परभणीला दाखल करायचा, त्यात ट्रकचा चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांना सामील करायचं. वकील परवडत नसेल तर न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज द्यायचा. मधल्या काळात कुणी कागद पुढे केला तर सही करायची नाही.

"म्हंजे खोटं बोलायची गरजच नव्हती?" मुलगा म्हणाला. काका टोपी सारखी करत अंगणात निघून गेले. आमच्याकडे जुनी माणसं म्हणत, नीम हकीम खतरे जान. अर्धवट वैद्य रोगी मारतो आणि अर्धवट वकील अख्खं घर.

सुनेचा जबाब घेतला, मुलाचा पुरवणी जबाब घेतला. त्याच्या खोट्या फिर्यादीचा आणि माझ्या चुकीच्या अहवालाचा असे दोन्ही खुलासे वरिष्ठांना आणि न्यायाधिकरणाला पाठवले.

चार दिवसांनी म्हातारा बोलू लागला. डॉक्टरांच्या परवानगीने मी जबाब घ्यायला गेलो. मुलाला बाहेर थांबवलं. सून हवालदारबाईंचा हात धरून वॉर्डाच्या दाराशी उभी होती. म्हाताऱ्याला कुणी काही पढवलेलं नव्हतं. मी विचारलं, "आजोबा, गाडी कोण चालवत होतं?" तिने डोळे मिटून घेतल्याचं मला दिसलं.

"सून चालवायली होती," म्हातारा म्हणाला. "बरी चालवायली होती. कडंकडंनं. त्या ट्रकवाल्यानंच घातला मधी." मग थांबून, दम घेऊन त्याने मला उलट विचारलं, "ती कुठं हाय, साहेब? इतके दिस झाले, कुणी तिचं नावच घेईना. गेली का ती? खरं सांगा."

ती धावत आत आली. डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला ते तिला कळलं नाही. म्हाताऱ्याने तिच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि दोघंही लहान पोरांसारखी रडली. मी पेन खाली ठेवलं. जबाब अर्ध्या तासाने पूर्ण केला.

दावा पुढे उभा राहिला आणि टिकलाही. मुलाला खोट्या माहितीबद्दल दंड झाला. साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी मला विचारलं, "पहिल्या अहवालात चुकीचं नाव तुमच्याच सहीने गेलं ना?" मी हो म्हणालो. "कसं काय?"

मी पिंजऱ्यात उभा राहून खरं ते सांगितलं. ट्रकचालक खरं बोलत होता, पण तो चालक होता म्हणून मी ऐकलं नाही. घरचे खोटं बोलत होते, पण ते रडत होते म्हणून मी ते लिहून घेतलं. आणि घाबरलेल्या त्या घराला कायदा काय म्हणतो, हे सांगायचं सोडून मी आधी त्यांची सही घेतली.