मना शे

पंचवटीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गरम कागदाचा वास आला आणि माझं डोकं एकदम मागच्या काळात गेलं. आता शहरातली मुलं रंगीत झेंडे घेऊन उजळ माथ्यानं मोर्चा काढतात. त्यांना प्रदर्शनासाठी आमचे जुने अंक हवेत, म्हणून प्रती काढायला आलो होतो. अंक कसले, आठ पानं आणि मधोमध पिना! तीनशे सत्त्याहत्तर कलम डोक्यावर होतं तेव्हा आमच्यासारख्या पुरुषांसाठी मी ते काढायचो, खाकी पाकिटात घालून पोस्टानं पाठवायचो आणि स्वतःला संपादक म्हणवून घ्यायचो. हौस दांडगी.

कळवणच्या पुढच्या खेड्यातले एक मास्तर त्यात टोपणनावानं लिहायचे. मराठी अगदी पाठ्यपुस्तकातलं, कडक इस्त्रीचं. मला ते बेचव वाटायचं. एकदा नाशकात आले तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, घरात फक्त आईला कळलंय, लग्नाचं कुणी विचारलं की ती भाकरी थापता थापता अहिराणीत एवढंच म्हणते, "मना पोऱ्या येगळा शे, पन मना शे." वेगळा आहे, पण माझा आहे! ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तिथंच थांबायला हवं होतं मी. पण नाही! त्यांच्या पुढच्या लेखातले सगळे 'आहे' खोडून मी 'शे' केले, आईचं वाक्य मथळ्यात टाकलं आणि न विचारता छापून मोकळा झालो. लेखाला मातीचा वास आला म्हणून वर स्वतःचीच पाठ थोपटली. ती पुस्तकी भाषा त्यांनी मुद्दाम पांघरली होती, एवढी साधी गोष्ट मला मूर्खाला कळली नाही.

महिन्याभरानं ते एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. अंक भावाच्या हाती लागला होता. त्यानं यांना ओट्यावर उभं करून अख्ख्या गल्लीदेखत तो लेख मोठ्यानं वाचायला लावला. मग आईला पुढं ओढून विचारलं, हे वाक्य तुझंच ना?

"तुम्ही माझं नाव लपवलंत," मास्तर म्हणाले. "आईचं बोलणं नाही लपवलंत."

आई काय म्हणाली, मी विचारलं.

"मना नही."

सांगायला लाज वाटते, पण जन्मभर मुद्रितं तपासणारा माणूस मी, मला आधी व्याकरणच दिसलं. वाक्याबद्दल बोलली असती तर 'मनं नही', माझं नाही, म्हणाली असती. 'मना' म्हणजे 'माझा', म्हणजे मुलगा. मी चाचरत म्हटलं, घाबरून लिंग चुकलं असेल त्यांचं.

मास्तरांनी पिशवी उचलली. "इतकी वर्षं वह्या तपासतोय मी. त्यात चूक नाही."

कलम गेलं त्या दिवशी गावोगावच्या जुन्या वाचकांचे फोन आले. कुणी रडत होतं, कुणी पेढे कुठं पाठवू म्हणून विचारत होतं. मास्तरांचा येईल म्हणून मी दिवसभर फोन उशाशी ठेवून बसलो. तो आला नाही. नंबर माझ्याकडे होता. मी लावला नाही.