प्रत्येक ओळीला ओके

डोंगरातल्या नारीन गावच्या तारघरात कालिपानं पंचवीस वर्षं बोटं झिजवली. तिथला नियम एकच होता. पलीकडून पोच आली की तार पोचली. त्या पोचेवर लोकांनी लग्नं ठरवली, कबरी खणून ठेवल्या. पोच खोटी असेल असं कालिपाच्या मनात कधी आलं नाही.

तारघर बंद पडलं तेव्हा नदीकाठचा गॅरेजवाला तोक्तोसून तिच्या दारात येऊन उभा राहिला. थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारत म्हणाला, "एजे, नट-पाने मला कळतात, अक्षरं तुम्हाला. चला."

काम तिला लगेच साधलं. स्टिअरिंगखालच्या खाचेत आगपेटीएवढी डबी खोचायची. डबीतल्या चिपला लॅपटॉपवरून एकेक ओळ लिहून सांगायचं. आधीचं सगळं विसर. माझंच लिहिलेलं मला परत दाखवू नकोस. अमुक वेगानं बोल, तमुक पत्त्यावर हाक मार. ओळ समजली की चिप लिहायची 'ओके', नाही समजली तर नुसतं प्रश्नचिन्ह. मग गाडी आपलं दुखणं आकड्यांत सांगायची. कालिपाला माहेरी आल्यासारखं वाटलं. जुन्या जपानी गाड्यांची तर तिला मायाच होती. त्यांना जागं करायची हाक इतकी संथ, की सेकंदाला जेमतेम पाच ठोके. "आपल्या वयाच्या आहेत," ती म्हणायची.

ऑक्टोबरात, एका बुधवारी, तिच्या धाकट्या मुलानं, मेदेरनं, आपली जुनी जपानी गाडी दोरीनं ओढत आणली. नारीन ते बिश्केक तो सवाऱ्या नेई. महिनाभर ती गाडी दोलोन घाटाच्या चढावर, त्याच एका वळणावर, इंजिन तापलं की मरत होती. सवाऱ्या शिव्या देऊन दुसऱ्या गाडीत बसत.

"शनिवारी रशियाला बस आहे," मेदेर तिच्याकडे न बघता म्हणाला. "बिश्केकहून. माझा दोस्त कुबात जातोय, बांधकामावर."

"आणि तू?"

"गाडी चालली तर बघू, अपा."

तेवढं तिला पुरलं. थोरला आठ वर्षांपूर्वी असाच गेला होता. आता वर्षातून एकदा, नवरोजला, त्याचा फोन येई आणि त्याची मुलं आजीशी रशियनमध्ये बोलत. हा एक उरला होता. गाडी बोलती झाली तर मुलगा राहील, असं धरून ती कामाला बसली.

तिनं ओळी लिहिल्या. वेग दहा हजार चारशे नव्हे, शहाण्णवशे. ओके. हाकेचा पत्ता तेरा. ओके. मग गाडीला विचारलं, काय होतंय? उत्तर आलं, काही माहिती नाही.

तिनं वही काढली, क्रम बदलला, थांबायचा वेळ वाढवला. प्रत्येक ओळीला ओके, आणि गाडी मुकी. बुधवार गेला. गुरुवारची दुपार कलली. चहावर साय धरली.

"एजे, तिला सुक्या दह्याचं कुरुत चारा," तोक्तोसून गाडीखालून ओरडला. "खारट लागलं की बोलेल."

"तू तुझे नट आवळ. चिप सगळं मान्य करतेय. गाडीच हट्टी आहे."

"मुलाची आहे ना. मग आईवर गेली असणार."

ती हसली नाही. बोटं गारठली होती. लिहिता लिहिता एक ओळ भलतीच पडली, नुसता अक्षरांचा चिखल. चिप म्हणाली, ओके.

कालिपा थांबली. मग सावकाश, एकेक अक्षर दाबत, तिनं आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव लिहिलं. ओके. 'म्हैस' लिहिलं. ओके.

"तोक्तोसून, बाहेर ये. ही डबी कुठली?"

तो तेलकट हात पुसत आला. "नवी आहे. जुनी मी कोच्कोरच्या मिस्त्रीला दिली, ही घेतली. एजे, ती जुनी सारखी प्रश्नचिन्ह दाखवायची हो. गिऱ्हाईक मागे उभं राहून बघतं. त्याला वाटतं, यांना काही येत नाही. ही बघा, कशी गुणी आहे."

"गुणी! हिला मी म्हैस म्हणाले, तरी ओके म्हणाली."

"मग माझ्या बायकोपेक्षा बरी."

"जुनी माघारी आण," कालिपा इतक्या हळू म्हणाली, की तो टोपी सारखी करून फोनकडे गेला.

शुक्रवारी सकाळी दहाला कोच्कोरहून येणाऱ्या गाडीवाल्यानं जुनी डबी आणून दिली. कालिपानं त्याच पाच ओळी लिहिल्या. दुसऱ्या ओळीला प्रश्नचिन्ह आलं, कारण तिच्याकडून एक आकडा राहिला होता. तिनं तो घातला. मग ती संथ हाक गेली, सेकंदाला पाच ठोके. गाडी जागी झाली आणि तिनं एकच आकडा दिला. इंजिनच्या फिरण्याचं भान ठेवणारा सेन्सर तापला की गप्प होतो. बोटाएवढी वस्तू. तोक्तोसूननं भंगारातल्या गाडीतून तसलाच काढला आणि अर्ध्या तासात बसवला.

इंजिन सुरू झालं, तापलं, चालतच राहिलं. कालिपानं मुलाचा दंड धरला. "बघ! आता कशाला ती बस?"

मेदेर इंजिनकडे बघत राहिला. "अपा, उद्या सकाळी बिश्केकच्या बाजारात गाडी घ्यायला गिऱ्हाईक येतंय. चालती असेल तरच घेतो म्हणाला होता."

"कधी म्हणाला?"

"सोमवारी."

तोक्तोसून पाने गोळा करायला लागला, सगळे जागच्या जागी होते तरी.

तिनं भांडण केलं नाही. घरी जाऊन त्याची पिशवी भरली, लोकरी मोजे वर ठेवले. तो निघाला तेव्हा ती डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली. "घाटापर्यंत येते. वाटेत बंद पडली तर कोण बघणार?"

"तू परत कशी येशील?"

"सवारी होऊन."

ओत्तुक मागे पडलं. रस्त्याच्या कडेला जुना बर्फ दिसू लागला. चढ लागला, इंजिन तापलं आणि ते वळण समोर आलं. कालिपानं डोळे मिटून कान लावला. तारेवरचा ठोका चुकावा म्हणून ती आयुष्यात कधी बसली नव्हती. आज बसली. तिला एक हिसका हवा होता, एक अडखळणं, इंजिनचा तो घुसमटलेला सुस्कारा.

गाडी वळण घेऊन वर निघून गेली.

"छान दुरुस्त केलीस, अपा," मेदेर म्हणाला.

घाटमाथ्यावर त्यानं गाडी थांबवली. ती उतरली. वारा फार होता, म्हणून तिनं त्याला काच वर करायला सांगितली.